माउंटन बाईकची घासाघीस

मुंबईतील गोरेगाव पूर्वेच्या आरे वसाहतीतील झाडीतले चढउताराचे रस्ते उपनगरांतील सायकलस्वारांना जवळचे वाटतात, आणि तेथूनच माउंटन बाईक, म्हणजे रुंद खाचदार टायरांची व पुढच्या फोर्कमध्ये धक्के शोषून घेणारी सायकल, घेण्याची ओढ अनेकांना लागते. अशा महागड्या सायकलीवर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसह विक्रीची वरची मर्यादा असल्याने, तिच्याखाली घासाघीस करण्यात संकोचाचे काहीच कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणून जुन्या साठ्यातील सायकलीची सांगितलेली किंमत कोणत्या दराने काढली आहे, हे आधी विचारावे, कारण करातील कपात ही दुकानदाराची सवलत नव्हे. खरी सवलत गेल्या वर्षीच्या मॉडेलवर मिळण्याची शक्यता अधिक, कारण त्यात अडकलेले भांडवल विक्रेत्याला मोकळे करायचे असते. रोख सूट वाढत नसेल, तर हेल्मेट, कुलूप आणि पहिली सर्व्हिसिंग, जीत नव्या केबली सैल पडून बिघडलेले गिअर पुन्हा जुळवले जातात, यांची मागणी करावी. बिलाविना देऊ केलेली सूट मात्र ठामपणे नाकारावी. फ्रेमचा क्रमांक नोंदवलेले बिल हाती असले, तरच पुढे वॉरंटीचा दावा भक्कमपणे मांडता येतो.