नजर, मन आणि सहावे गुणसूत्र



लोंढ्याच्या फलाटावर कोणाला तरी निरोप द्यायला आपण सारेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. गाडी संथपणे सुटते आणि नजर शेवटच्या डब्यामागे आपोआप सरकत जाते. आजचा विषय या सरकण्याचाच आहे.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, झालेल्या पुष्कळ रुग्णांची नजर अशी सरकत नाही. ती मागे पडते आणि लहान लहान उड्या घेत वस्तूला गाठते. १९०८ साली अमेरिकेत डिफेनडॉर्फ व डॉज यांनी हे टिपले. पुढे ते जवळजवळ विस्मरणात गेले. १९७३ साली फिलिप होल्झमन यांनी रुग्णांना झुलत्या लंबकाकडे पाहायला लावून ते पुन्हा दाखवले. वर्षभरात त्यांना आढळले, की रुग्णांच्या निकटच्या आप्तांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांची नजरही तशीच अडखळते. हे आप्त आजारी नव्हते, हे विसरू नये.

१९९६ साली जर्मन संशोधकांनी काही कुटुंबांत या दोषाचा माग सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेपर्यंत नेला. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या जनुकांची दाट वस्ती नेमकी तिथेच आहे! त्याच वस्तीतील ‘सी-४’ या जनुकाची काही रूपे आजाराचा संभव वाढवतात, असे २०१६ साली दिसून आले. या जनुकाचे प्रथिन एरवी जंतूंवर खूण करते. मेंदूत ते चेतापेशींच्या जोडण्यांवर खूण करते आणि सफाईच्या पेशी त्या जोडण्या छाटतात. वयात येताना ही छाटणी सर्वांचीच होते. ती अतिरेकी झाली तर आजार बळावत असावा, असा तर्क आहे. मात्र नजरेचा दोषही याच जनुकामुळे होतो, हे सिद्ध झालेले नाही.

मग हे सारे आपल्याला कशासाठी? आपल्याकडे अजूनही आधी देवाला कौल लावतात, नंतर आईच्या वळणाला बोल लावतात, आणि शेवटी बहिणीची सोयरीक मोडतात. आईचा येथे काही दोष नाही. बहिणीचे म्हणाल, तर एका जनुकाचा वाटा अल्प असतो. नजर अडखळते म्हणून ती आजारी पडेल, असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. उद्या कोणी लंबक घेऊन मुलगी पाहायला आला, तर त्याला खुशाल परत पाठवा.

‘देवराई’ हा २००४ सालचा मराठी चित्रपट याच आजारावर आहे. तो जरूर पाहावा. उपचारासाठी धारवाडची मनोरुग्णालयाची जुनी संस्था आहे, आणि धारवाडची गाडी आपल्याच फलाटावरून सुटते.