औषधाच्या जोडीला भाकर
(युवक शिबिरातलं भाषण)



मी डॉकवर गोण्या वाहतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून मला माईकपुढं उभं केलंय. पण आज कविता नाही. आज खोकल्यावर बोलायचंय.

२४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जगापुढं ठेवला. १९५९ साली मद्रासच्या संशोधन केंद्रानं दाखवून दिलं की सॅनेटोरियमची चैन लागत नाही, गरीब माणूस घरी राहून गोळ्यांनी तितकाच बरा होतो. जंतू सापडला, गोळी सापडली. तरी २०२३ मध्ये जगात साडेबारा लाख माणसं टीबीनं मेली. आजारी पडलेल्यांत दर चौथा भारतातला. का?

शहाणे सांगतात, जंतूला जात नसते. कबूल. पण बिनखिडकीच्या खोलीला जात असते. उपाशी पोटाला जात असते.

झारखंडात आदिवासी मुलखातल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ एक प्रयोग झाला. तिथल्या पुरुष रुग्णाचं सरासरी वजन बेचाळीस-त्रेचाळीस किलो. माझ्या पाठीवरची गोणी पन्नास किलोची! गोळ्या आणि शिधा सगळ्या रुग्णांना दिला. निम्म्या भागात घरच्या माणसांनाही दिला. महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ. त्या घरांत टीबीच्या नव्या केसेस ३९ टक्क्यांनी कमी झाल्या. तांदूळ-डाळीनं, दोस्तहो!

सरकार रुग्णाला एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. पैसे बँकेत जमा होतात. डोंगरातल्या पाड्यावरनं बँकेत जायचं तर दिवसाची मजुरी बुडते.

माझ्या टोळीतला एक गडी दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडून पाळीवर आला. खाडा म्हणजे चूल बंद. पुढं तो गेला. त्याला निष्काळजी म्हणणाऱ्यांच्या घरात कधी चूल बंद पडलेली नसते.

म्हणून नुसत्या घोषणा नकोत. दोन आठवडे खोकला राहिला की त्या माणसाबरोबर दवाखान्यात जा, बेडका तपासून घ्या. डॉक्टर सांगेल तितके महिने, निदान सहा, गोळी चुकू देऊ नका. घरच्यांची तपासणी करा, त्यांच्या प्रतिबंधक गोळ्या मागा. आणि शिधा मागा, भीक म्हणून नव्हे, औषध म्हणून.

गोदीत धान्य आम्ही उतरवतो. ते कुणाच्या पोटात जातं, हे विचारायचा हक्क आमचा आहे.

जय भीम!