वाट पाहणाऱ्याचा वेळ

(बोरीवलीतील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पत्रिकेत विषय मोठा छापलाय. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. फ्रिज बिघडला की आपण फोन करतो, आणि पलीकडून उत्तर येतं, ‘उद्या दहा ते दोनमध्ये माणूस येईल.’ हे दहा ते दोन ठरवण्याचं काम मी पंचवीस वर्षं केलं.

(मागून आवाज: ‘म्हणजे तुम्हीच का ते!’ हशा.)

हो, मीच. म्हणून तर आलोय.

यामागचं गणित जुनं आहे: कमीत कमी फेऱ्यात सगळी ठिकाणं कशी गाठायची. डॅन्टझिग आणि रॅमझर यांनी १९५९ साली पेट्रोलच्या ट्रकांसाठी ते मांडलं. आमच्या धंद्यात तक्रारीला ‘कॉल’ म्हणतात. एका टेक्निशियनला दिवसाचे आठ कॉल दिले, तर ते कुठल्या क्रमाने करायचे याचे ४०,३२० प्रकार होतात. तिथे संगणकच हवा. नवा कॉल आला की संगणक त्याला आधी लागलेल्या कॉलांच्या मध्ये बसवून बघतो. बोरीवलीतल्या शिंपोली आणि बाभई इथल्या कॉलांच्या मध्ये बसतो का? बसवला तर पुढच्या कुणाची वेळ चुकते का? त्या माणसाला ते काम येतं का, पार्ट हातात आहे का? जिथे बसवून फेरा कमीत कमी वाढतो, तो स्लॉट, म्हणजे ती वेळ, तुम्हाला फोनवर सांगतात.

आता फेरा म्हणजे काय, ते गोराईला विचारा. गोराई एक, गोराई दोन या वसाहती खाडीच्या अलीकडे, आणि गोराई गाव पलीकडे. नकाशावर दोन्हींत बोटभर अंतर. आमच्या पहिल्या प्रणालीला सरळ रेषेतलं अंतर तेवढं कळायचं. तिने वसाहतीतला कॉल संपवून वीस मिनिटांत गावातला कॉल लावला. टेक्निशियन मोटारसायकल घेऊन जेट्टीवर उभा. पाठीवर गॅसचं सिलिंडर, हातात हत्यारांची पेटी, समोर बोट नुकतीच सुटलेली. रस्त्याने जायचं तर दहिसर, मिरा रोड, भाईंदर, उत्तन असा वीस किलोमीटरांहून मोठा वळसा. त्याने मला फोन केला, ‘साहेब, तुमच्या मशीनला पोहता येतं का?’ (हशा.) त्या दिवसापासून आम्ही खाडी, रेल्वेरूळ आणि पूर्व-पश्चिम जोडणारे पूल प्रणालीत हाताने भरले. पूर्वेचा कॉल आणि पश्चिमेचा कॉल लागोपाठ लावायचे नाहीत, हा नियम मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही.

गोराईत फारच वेळ गेला. मुद्द्यावर येतो.

मॅरियस सॉलोमन यांचा १९८७ सालचा निबंध फेऱ्या आखण्याच्या विद्येत पायाभूत मानतात. त्यात वेळेची मर्यादा असलेल्या फेऱ्यांचा विचार आहे. टेक्निशियन दहाच्या आधी पोहोचला, तर त्याला थांबावं लागतं, आणि ते थांबणं हिशेबात धरलेलं असतं. पण दिलेल्या वेळेच्या आत तो दहा वाजून पाच मिनिटांनी आला काय आणि दोनला पाच कमी असताना आला काय, गणिताला सारखंच. घरात बसलेल्या माणसाच्या त्या चार तासांची किंमत शून्य. माझं सगळं म्हणणं या शून्याबद्दल आहे.

माझी आई शिंपोलीला एकटी राहायची. वय अठ्ठ्याहत्तर. तिचा फ्रिज बंद पडला. कंपनीचं नाव घेत नाही. वेळ मिळाली दहा ते सहा. आंघोळीला गेले आणि बेल वाजली तर? म्हणून आंघोळ राहिली. पारोशाने पूजा कशी करायची? म्हणून पूजा राहिली, आणि पूजा नाही म्हणून जेवण नाही. साखळी लावून दार किलकिलं ठेवलं आणि खुर्ची ओढून दाराशी बसली. मी सात वाजता पोहोचलो तेव्हा ती तशीच बसलेली, केसांना तेल लावून ठेवलेलं, टॉवेल मांडीवर. मोबाइलवर मेसेज होता: ‘ग्राहक घरी नाही. कॉल बंद.’ तो मुलगा आला होता. चुकीच्या विंगेत गेला, तिथला दरवाजा बंद दिसला, आणि पुढच्या घराची वेळ टळत होती. त्याच्यावर माझा राग नाही. आई म्हणाली, ‘अरे, त्यालाही दहा घरं असतात.’

मी दिवसभर ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या आयांना असेच स्लॉट वाटले होते.

इथे या धंद्यातली काही मंडळी बसली आहेत, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या दिसताहेत. स्लॉट लहान केला की दिवसात कॉल कमी बसतात, खर्च वाढतो, हे मला मान्य आहे. संगणकाशी माझं वैर नाही. कोणी म्हणेल, मुंबईचे डबेवाले १८९० पासून घरोघरच्या फेऱ्या संगणकाशिवाय करताहेत. खरंय, पण त्यांना रोज तीच घरं, तीच लोकल. टेक्निशियनला रोज नवी दारं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं.

तर प्रणालीत किलोमीटर, ओव्हरटाइम, तातडी यांचे भार भरायची एक जागा असते. तिथे आणखी एक ओळ घाला: घरच्या माणसाच्या प्रतीक्षेचं मिनिट. आकडा लहान चालेल, शून्य नको. आदल्या संध्याकाळी क्रम जवळजवळ ठरलेला असतो, तेव्हा चार तासांचे दोन करून कळवा. आधीच्या घरातून निघताना टेक्निशियनने फोन करावा, आणि त्या फोनची दोन मिनिटं त्याच्या कामात धरा. त्याला पैसे कॉलमागे देऊ नका; नाहीतर स्लॉटमधून कापलेला वेळ त्याच्या मोटारसायकलच्या वेगातून निघेल, आणि लिंक रोडवर तो मुलगा पडेल. आम्ही ही ओळ घातली होती. कॉल कमी बसले, वरिष्ठ रागावले. ‘ग्राहक घरी नाही’ असे शेरेही कमी झाले.

तिसऱ्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून आहेत. अध्यक्ष महोदय, एवढा एक प्रश्न घेऊ द्या.

(‘माझ्याकडे उद्या पाण्याच्या फिल्टरचा माणूस येणार आहे. दहा ते दोन.’)

एकट्या असता का, बाई? मग शेजारणीला सांगून ठेवा, आणि आंघोळ करून घ्या.