रजोनिवृत्ती आणि संप्रेरकांचा उपचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर किंवा शिवकालावर काही ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही विषय निवडला आहे तो रजोनिवृत्तीचा आणि तिच्या त्रासावर दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांचा, ज्यांना आपण सर्रास हार्मोन्स म्हणतो. आम्ही वैद्य नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या लेखा खात्यात तीस वर्षे आकडे तपासण्यात घालविली, एवढाच आमचा अधिकार. परंतु या उपचाराविषयी जो गोंधळ माजला, तो पुष्कळ अंशी आकड्यांच्या वाचनातून माजला. म्हणून हे धाडस.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. नोकरीच्या निमित्ताने आपण सारे घरापासून हजार-दीड हजार किलोमीटर दूर राहतो. पन्नाशीला टेकलेल्या आपल्या घरच्या स्त्रीजवळ थोरली बहीण नसते, जाऊ नसते, मावशी नसते. अंगातून वाफा निघतात, रात्री उशी घामाने भिजते, कारण नसता डोळे भरून येतात, हे सांगावे कोणाला? डॉक्टरांकडे जावे, तर जे आईला मराठीत एका वाक्यात कळले असते ते परभाषेत केवळ ‘कमजोरी’ होऊन बसते, आणि हाती शक्तीच्या गोळ्या पडतात.

आमच्या आजीच्या पिढीत पाळी गेली की स्त्री ‘सुटले एकदाची’ असे म्हणत असे. बाजूला बसणे संपे, शिवाशिवीची कटकट संपे. त्या सुटकेपुढे देहाच्या तक्रारी बोलण्याजोग्या उरत नसत. आज शिवाशिव गेली, पण मौन मात्र शिल्लक राहिले आहे.

प्रथम या अवस्थेचे स्वरूप पाहू. स्त्रीच्या बीजांडकोशांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवत असते. चाळिशीच्या उत्तरार्धात त्याची निर्मिती अनियमित होते व पुढे अत्यल्प उरते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यक मानते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ वर्षे आहे; आपल्या देशात ते सुमारे ४६-४७ आहे. इस्ट्रोजेन घटले की शरीराची उष्णता राखणारे मेंदूतील केंद्र हळवे होते आणि किंचित उष्णता वाढताच घाम फोडते. झोप मोडते, हाडांची झीज वेगाने होते, योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीची जळजळ पुनःपुन्हा उद्भवते. ‘चार दिवसांचा त्रास आहे, जाईल’ असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीत, वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ भोगावा लागल्याचे आढळले. सात वर्षांची मोडलेली झोप ही लहान गोष्ट नव्हे.

उणे झालेले संप्रेरक बाहेरून द्यावे, ही कल्पना जुनीच आहे. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले ‘प्रेमॅरिन’ हे औषध १९४२ साली अमेरिकेत विक्रीस आले. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ‘फेमिनिन फॉरएव्हर’ हे पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा जणू उणिवेचा रोगच ठरविला आणि चिरतारुण्याची ग्वाही दिली. औषधाचा खप वाढला. १९७५ साली असे दिसून आले की नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अधिक होतो. त्यावर उपाय सापडला: गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे दुसरे संप्रेरकही द्यावे, म्हणजे अस्तराचे रक्षण होते. हा नियम आजही अबाधित आहे.

पुढे जुलै २००२ उजाडला. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या शासकीय संशोधनात १६,६०८ स्त्रियांवर दोन्ही संप्रेरकांची एकत्रित परीक्षा चालू होती. ती मध्येच थांबविण्यात आली. स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, ही वार्ता जगभर पसरली. स्त्रियांनी रातोरात गोळ्या टाकून दिल्या आणि डॉक्टरांनी लिहून देणे सोडले. ती भीती दोन दशके टिकली.

आता लेखा खात्यातील माणसाची दृष्टी येथे लावू. कोणत्याही टक्केवारीला आमचा पहिला प्रश्न असतो: कशाचे टक्के? औषध न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला ३० जणींना हा रोग झाला, घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना झाला. वाढ झाली ती दहा हजारांत आठांची. पक्षाघातातही तेवढीच, म्हणजे आठांची, वाढ दिसली. दुसऱ्या बाजूस, मांडीच्या खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण दहा हजारांत पाचांनी आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सहांनी घटले. आठ हा आकडा आम्ही क्षुल्लक म्हणत नाही. आठ स्त्रिया म्हणजे आठ घरे होत. परंतु २६ टक्के ऐकून जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, ते याहून फार निराळे असते.

दुसरा प्रश्न: हिशेब कोणाचा? त्या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३. वाफांच्या त्रासासाठी औषध सुरू होते ते त्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी. म्हाताऱ्या होत चाललेल्या रक्तवाहिन्यांवर दिसलेला परिणाम पन्नाशीच्या स्त्रीला जसाच्या तसा लावला गेला. शिवाय गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले होते, त्यांच्यात स्तनांचा कर्करोग वाढला नाही. २०१७ साली याच संशोधनाचा अठरा वर्षांचा ताळेबंद प्रसिद्ध झाला, तेव्हा औषध घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक यंत्रणेने या औषधांवरील हृदयविकार, स्तनांचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचे ठळक चौकटीतील इशारे काढण्याचे जाहीर केले. त्याचे स्वागत झाले, तसेच काही तज्ज्ञांनी सावधगिरीचा सूरही लावला.

तो सूर आम्हांस रास्त वाटतो. १९६६ चा भरवसा जितका आंधळा होता, तितकीच २००२ ची भीतीही आंधळी होती. आता पुन्हा भरवशाचा लोट आला, तर त्यातही वाहून जाऊ नये. आजचे साधारण मत असे आहे: वय साठीच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे उलटली नसतील, आणि त्रास खरोखर जाच करीत असेल, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना या उपचाराचा लाभ हानीहून अधिक होतो. वाफांवर याहून गुणकारी औषध नाही. तथापि दोन्ही संप्रेरके जितकी अधिक वर्षे घ्यावीत, तितका स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. केवळ हृदयविकार किंवा स्मृतिभ्रंश टळावा एवढ्यासाठी ती घेऊ नयेत. गोळीपेक्षा त्वचेवर लावावयाची पट्टी किंवा जेल यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी असतो. तक्रार केवळ कोरडेपणाची वा लघवीची असेल, तर योनिमार्गात वापरावयाचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन पुरते.

ज्यांना स्तनांचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा रक्ताची गुठळी पूर्वी होऊन गेली आहे, ज्यांचे यकृत आजारी आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग सहसा नाही. त्यांना संप्रेरकांवाचून चालणारी अन्य औषधे आहेत. आणि एक गोष्ट प्रत्येकीने पदराला गाठ मारून ठेवावी: पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते एकदाच का दिसेना, डॉक्टरांकडे ताबडतोब जावे.

पाळी वेळेआधीच गेली, तर हा हिशेब बदलतो. आपल्या महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला. शासनाच्या समितीने ८२ हजारांहून अधिक जणींची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. अशा शस्त्रक्रियेत बीजांडकोशही गेले, तर तरुणपणीच रजोनिवृत्ती येते. हाडांची व हृदयाची हानी लवकर सुरू होते. चाळिशीच्या आत असे घडले, तर प्रतिबंधक कारण नसल्यास रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असे वैद्यक सांगते. जिला या उपचाराची सर्वांत अधिक गरज, तिच्या कानी त्याचे नावही पडत नाही, ही खेदाची गोष्ट होय. गर्भाशय काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर बीजांडकोश राहणार की जाणार, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे.

औषध घ्यावे की न घ्यावे, हा निर्णय त्या स्त्रीचा आणि तिच्या डॉक्टरांचा. नवऱ्याने, सासूने वा शेजारणीने तो करावयाचा नाही. मात्र तिला तो करता यावा म्हणून आम्हा पुरुषांना दोन गोष्टी करता येतील. ती बोलते तेव्हा ऐकावे. आणि तिची इच्छा असेल तर डॉक्टरांकडे सोबत जाऊन, परभाषेत अडेल तेथे तिचा शब्द पुरवावा. आपल्या मंडळालाही एक काम सुचवितो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एवढ्या भगिनी एकत्र जमतात. त्या दिवशी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना बोलावून तासभर मोकळे बोलणे घडवावे, आणि आपल्यातील जाणत्या स्त्रियांनी मराठी व स्थानिक भाषा यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करावे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभारले, त्यांनी परमुलुखात आपल्या माणसाला आपली भाषा ऐकू यावी एवढीच इच्छा धरली होती. त्या भाषेत गाणे होते, नाटक होते. तिच्यात दुखणेही बोलले जावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.