रडवतं ते काय?

(मळमड्डी, धारवाड येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातून)



गाणं ऐकताना गळा दाटून आला की आपण त्याचं श्रेय शब्दांना देऊन मोकळे होतो. मळमड्डीत हा हिशेब जमत नाही. इथे घरात कन्नड, शेजारी मराठी आणि मैफलीत ब्रजातली बंदिश. तरी पदराने डोळे टिपताना कुणी अर्थ विचारत बसलं नाही.

१९३३ साली गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी घर सोडून निघाला, तो अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून. ती तबकडी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात ना राग उलगडून होतो, ना गोष्ट सांगून. पण सूर लागतो! खाँसाहेब स्वराच्या आसपास रेंगाळत त्याच्यापर्यंत येतात, आणि तो हाती आला की सोडायची घाई करत नाहीत. ऐकणाऱ्याचा श्वास तिथे अडकतो. गहिवर येतो तो त्या मुक्कामामुळे. ठुमरीतला विरहाचा मजकूर निमित्तापुरता.

कुणी म्हणेल, आवाजच आर्त होता. मग गंगूबाई हंगलांचं काय? तरुणपणी आवाज नाजूक. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो जाड, जवळजवळ पुरुषी झाला. नाजूकपणा गेला आणि गाणं मोठं झालं. त्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीतातल्या जाणत्या गायिका. खुद्द खाँसाहेब त्यांचं गाणं ऐकायला येत. मुलगी हिंदुस्थानी शिकू लागली, तेव्हा तिच्या गळ्यावर आपल्या गायकीची छाया पडू नये म्हणून या माउलीने स्वतःचं गाणं थांबवलं. या साऱ्या परंपरेत मला सर्वांत हलवून सोडणारी गोष्ट हीच वाटते. (हिच्यावर नाटक लिहायचा मोह मात्र कुणी करू नये.)

खरी पंचाईत मल्लिकार्जुनअण्णा मन्सूरांची. त्यांच्याकडे मुक्काम नाहीच. मंजी खाँ आणि १९३७ साली ते गेल्यावर भुर्जी खाँ यांच्याकडून घेतलेली जयपूर घराण्याची गायकी; अनवट राग, तानेतून निघणारी तान, आणि समेवर येऊन ठेपेपर्यंत उसंत नाही. कारुण्याचं प्रदर्शन तर नावालाही नाही. तरीही डोळे भरतात, म्हणजे नुसत्या थांबण्याने भागत नाही. इतकी वळणं घेऊन सम नेमकी सापडते, त्या क्षणी आपल्यालाही कुणीतरी हात धरून आणून पोचवल्यासारखं वाटतं.

आणि हेच अण्णा कन्नड संतकवयित्री अक्कमहादेवीचं वचन गातात, तेव्हा शब्द पुन्हा दारात हजर! कन्नड श्रोता अर्थाने हेलावतो, कन्नड न येणारा मराठी श्रोता निव्वळ स्वराने. मला दाट संशय आहे, की एकाच रेकॉर्डवर हे दोघे वेगवेगळ्या जागी विरघळतात. सभेनंतर चहा आहे. कन्नड मंडळींनी आपापली जागा तेव्हा सांगावी. मी माझी सांगेन.