घंटा गेल्या, गाव राहिलं

मी जबलपूरजवळच्या पाटनहून बोलतेय. आमच्याकडचं कुणी नाशिकला जाऊन आलं की मी विचारते, गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावरची भलीमोठी घंटा पाहिलीत का? ती वसईच्या स्वारीतली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला. पण ज्या मुलखातून त्या निघाल्या, तिथल्या माणसांचं पुढे काय झालं?

त्यासाठी नंदाखालला जाऊ. वसई तालुक्यातलं, विरारच्या पश्चिमेचं हे गाव. इथलं पवित्र आत्म्याचं चर्च 1573 सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही 57 वर्षं आधीचं. वसईच्या किल्ल्यातली छप्पर गेलेली चर्च आपण पाहतो, फोटो काढतो आणि परत फिरतो. मला विचाराल तर खरा वारसा किल्ल्याबाहेरच्या अशा गावांत आहे, कारण तिथे अजून मिस्सा होते, बारशी होतात, लग्नं लागतात.

पोर्तुगीज अंमल संपला, गोरे पाद्री निघून गेले. तहात ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा होती. रयत कुठे जाणार? तिची केळीची, पानवेलीची वाडी इथेच होती. या पट्ट्यातल्या कुपारी समाजाची बोली सामवेदी, तिलाच कादोडी म्हणतात. गंमत बघा, शतकानुशतकं मिस्सा लॅटिनमध्ये आणि घरातलं भांडण कादोडीत! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1960च्या दशकात, वेदीवरही मराठी आली. घरात मात्र ती कधीच परकी नव्हती.

याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. मला त्या विरोधाचं वाईट वाटलं. राज्य बदललं, घंटा गेल्या, तरी ज्या गावांनी भाषा सोडली नाही, त्या गावच्या माणसाला मराठीपणाचा दाखला मागायचा?

हे मला लागतं त्याला घरचंही कारण आहे. भोसल्यांच्या काळापासून जबलपूरकडे मराठी माणसं आहेत. पण माझा नातू माझं मराठी ऐकतो आणि उत्तर हिंदीत देतो. मी त्याला सुट्टीत वसईला नेणार आहे. किल्ला दाखवीनच, तो काय पळून जात नाही. पण आधी रविवारच्या मिस्सेला नंदाखालच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू, आणि नंतर बाहेर अंगणात बायका काय बोलतात ते ऐकू. कादोडी मलाही सगळी कळणार नाही. निदान दोघं मिळून विचारू.