पहिलटकरणीच्या शेजारी कोण बसतं?

बाळंतपणाच्या दुसऱ्या रात्री बाळ एकसारखं रडू लागतं आणि खोलीतलं कुणीतरी म्हणतं, "हिला दूध पुरत नाहीये." आई, सासू, आत्या, कधी रात्रपाळीची आया. बोलणारीच्या मनात मायाच असते. पण पहिलटकरणीच्या पुढच्या सहा महिन्यांचं बरंच काही या एका वाक्याने ठरून जातं.

त्या रात्री तिच्या अंगात काय चाललेलं असतं? पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि थोडासाच. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभरच पितं, आणि त्याला तेवढं पुरतं. शिवाय आईची प्रतिद्रव्यं त्या चमचाभरातूनच बाळाकडे जातात. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन घटतं, प्रोलॅक्टिनचं काम सुरू होतं आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं. सिझेरियननंतर कधी थोडं उशिरा. पुढे सगळा कारभार बाळाच्या ओढण्यावर चालतो. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. साठून राहिलं तर बनणं मंदावतं. म्हणूनच दुसऱ्या रात्री गरज नसताना दिलेलं वरचं दूध घातक. बाळ झोपतं, घर निवांत होतं, ओढणं कमी होतं, आणि पंधरा दिवसांनी ते भाकीत खरोखरच खरं ठरतं. दोष मात्र आईच्या पदरात पडतो.

दुखण्याचंही तसंच. बाळाने नुसती बोंडशी धरली की चिरा पडतात, पाजायची वेळ आली की पोटात गोळा येतो. "पहिल्यांदा सगळ्यांनाच होतं, सोसायचं," असं तिला सांगितलं जातं. हे सांगणं थांबायला हवं. तोंड मोठं उघडलेलं, भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला: पकड अशी झाली की दुखणं बहुतेकदा ओसरतं. अळिवाचे लाडू बाळंतिणीने जरूर खावेत. पकड मात्र कुणीतरी शेजारी बसून, हाताला धरूनच शिकवावी लागते.

दूध पुरतं की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्रीत सहा तरी दुपटी ओली व्हावीत, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यावं. काही जणींना थायरॉइडमुळे किंवा बाळंतपणात फार रक्त गेल्यामुळे दूध खरंच कमी येतं. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं, आणि त्या आईला कुणी एका शब्दाने दुखवू नये.

2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झालेली दिसतात. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र 41.8 टक्के. म्हणजे आई दवाखान्यापर्यंत पोचली, मदत तिच्या खाटेपर्यंत पोचली नाही.

ती पोचवता येते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. तीही महापालिकेच्या, गोरगरिबांच्या रुग्णालयात! अपुऱ्या दिवसांच्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना तिथे दुसऱ्या मातांनी दिलेलं दूध पाश्चरीकरण करून मिळू लागलं.

दवाखान्यातून घरी, घरातून कामावर. 1961च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या. 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा 26 आठवड्यांची केली. नोकरदार बाईला त्याचा आधार झाला. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या पहिलटकरणीला यातलं काय मिळतं? तिची मजुरी टनावर. पाजायला बसलं की तेवढा ऊस कमी तुटतो, म्हणून बाळ फडाच्या कडेला झोळीत रडत राहतं. कारखान्यांनी फडाजवळ पाळणाघर द्यावं आणि पाजण्याचा वेळ मजुरीत धरावा, ही मागणी या व्यासपीठावरून करायला हवी.